समीकरण जुळत नाही, एक ऑक्सिजन उरतोच: बिघाड कुठे आहे ते कसं शोधायचं

"बाई, सगळं जुळलं, फक्त एक ऑक्सिजन उरतोय."

दहावीचा रासायनिक अभिक्रियांचा धडा सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर येतं. वही बघावी तर पानभर खाडाखोड. दोनाचे चार केलेले, चाराचे सहा केलेले, पुन्हा दोन. मुलगी बीजगणितात पटाईत असते, दोन चलांची समीकरणं तिला तोंडी सुटतात, आणि इथे पाच पदार्थांच्या एका ओळीत तिची संध्याकाळ जाते. मग घरचे म्हणतात, केमिस्ट्री हिच्या डोक्यात शिरत नाही. मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण ते खरं नसतं.

इतकी वर्षं वह्या तपासल्यावर माझं मत ठाम झालंय. समीकरण अडतं तेव्हा चूक बेरजेत फार क्वचित असते. अक्षरं आणि आकडे यांच्या गर्दीत पदार्थ हरवलेला असतो. हे अक्षर म्हणजे लोखंड, हा गट म्हणजे पाण्याचा एक रेणू, हे विसरलेलं असतं. म्हणून खाली मी सूत्रांच्या जागी पदार्थांची नावंच लिहिली आहेत. वाचताना शेजारी कागद घ्या आणि प्रत्येक नावापुढे त्याचं सूत्र स्वतः लिहीत चला. नावावरून सूत्र लिहिताना जिथे हात थबकेल, बहुतेक तिथेच तुमचा बिघाड आहे.

सूत्राला हात लावलाय का?

हे सगळ्यात आधी तपासा. वहीतल्या निम्म्या चुका इथेच सापडतात.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू २, उजवीकडे १. मुलं काय करतात? एच टू ओ च्या ओ खाली आणखी एक दोन चिकटवतात. एच टू ओ टू. दोन्हीकडे हायड्रोजन २, ऑक्सिजन २, जुळलं. पण पाणी गेलं आणि त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आलं, जखमेवर ओतलं की फेस येतो ते. हिशेब बसवण्यासाठी आपण पदार्थच बदलून टाकला.

रव्याचे लाडू चारऐवजी आठ वळता येतात. पण रव्याऐवजी बेसन घेतलं की ते रव्याचे लाडू राहत नाहीत. सूत्राच्या पुढचा आकडा म्हणजे लाडू किती. सूत्रातला खालचा छोटा आकडा म्हणजे लाडवात काय आणि किती घातलंय. पुढचा आकडा आपला, हवा तसा बदलावा. खालचा आकडा निसर्गाने ठरवलेला आहे, तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही.

२ हायड्रोजन + १ ऑक्सिजन → २ पाणी

यावर मी वर्गात एकच उपाय करते आणि तो लागू पडतो. सूत्रं पेनने लिहायची आणि प्रत्येक सूत्राभोवती चौकट आखायची. संतुलनाचे आकडे पेन्सिलने, चौकटीच्या बाहेर. खोडरबर चौकटीच्या आत न्यायचा नाही. महिनाभर असं केलं की पुढे चौकट आखावी लागत नाही.

याच तपासणीत आणखी दोन गोष्टी बघून घ्या. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही सात मूलद्रव्यं मोकळी असताना जोडीने राहतात. जस्त आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या समीकरणात उजवीकडे नुसता एक हायड्रोजन लिहिलात तर ते समीकरण आकड्यांनी जुळेलही, पण परीक्षानळीतून बुडबुडे येतात ते जोडीच्या रेणूंचे. दुसरी गोष्ट हस्ताक्षराची. सी आणि ओ ही दोन्ही अक्षरं कॅपिटल काढली तर तो कार्बन मोनॉक्साइड, ओ स्मॉल काढला तर तो कोबाल्ट. घाईत लिहिणाऱ्या मुलांना मी हे पुन्हापुन्हा सांगते.

"माझं तर पहिल्या फटक्यात जुळलं"

हा बिघाड जास्त वाईट, कारण तो कुणाला दिसतच नाही.

आमचा भाग द्राक्षांचा. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, हे मुलांना पुस्तकाआधी बागेतून कळलेलं असतं. बोर्डो मिश्रण (बुरशी रोखायला फवारतात ते) करताना मोरचूद आणि चुना यांचं प्रमाण बरोबर बसलंय का, हे पाहायची जुनी पद्धतही त्यांना ठाऊक असते. घासून लखलखीत केलेला लोखंडी विळा द्रावणात बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, मोरचूद मोकळं राहिलंय; फवारलं तर पानं करपतील. विळ्यावर चढलेला तो थर म्हणजे खरोखरचं तांबं:

१ लोखंड + १ कॉपर सल्फेट → १ फेरस सल्फेट + १ तांबं

हे एकास एक आपोआप जुळतं, कारण इथे लोखंडाची संयुजा, म्हणजे दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता, २ आणि तांब्याचीही २. आता मुलांना लोखंडाच्या जागी ॲल्युमिनिअम घ्यायला सांगा. वर्गातली बरीच मुलं लोखंडाचाच साचा उचलतात: एक ॲल्युमिनिअम, त्याला एक सल्फेट चिकटवलेलं, आणि एक तांबं मोकळं. मोजून बघा. ॲल्युमिनिअम १ आणि १, तांबं १ आणि १, सल्फेट १ आणि १. अगदी चोख जुळलं. आणि ते साफ चूक आहे, कारण एका ॲल्युमिनिअमला एक सल्फेट जोडलेला असा क्षार बाटलीत मिळतच नाही. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, सल्फेटची २. दोन ॲल्युमिनिअमना तीन सल्फेट लागतात, तेव्हा कुठे ॲल्युमिनिअम सल्फेट तयार होतं. मग:

२ ॲल्युमिनिअम + ३ कॉपर सल्फेट → १ ॲल्युमिनिअम सल्फेट + ३ तांबं

म्हणून जुळणं हा बरोबर असल्याचा पुरावा मानू नका. मोजायला बसण्याआधी प्रत्येक संयुगाचा प्रभार शून्य होतो का ते पाहा. ॲल्युमिनिअम दोनदा अधिक तीन म्हणजे अधिक सहा, सल्फेट तीनदा उणे दोन म्हणजे उणे सहा, हिशेब फिटला. संयुजांचा तक्ता पाठ नसेल तर या धड्याला हात लावण्याआधी चार दिवस फक्त तक्त्याला द्या. बाकी सगळी मेहनत त्याच्याशिवाय वाया जाते, हे मी आई-वडिलांनाही सांगते.

एक ऑक्सिजन उरतो, तो बहुतेक इथे

आता मूळ तक्रारीकडे येऊ. स्वयंपाकघरातला गॅस घेऊ. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. सोपं जावं म्हणून फक्त ब्युटेन धरू. एका रेणूत कार्बन ४, हायड्रोजन १०.

पहिला नियम असा की एकटं राहणारं मूलद्रव्य शेवटी. ऑक्सिजन डावीकडे एकटाच आहे, त्याचा आकडा बदलल्याने दुसरं काही बिघडत नाही, म्हणून त्याला थांबवून ठेवा. कार्बन ४, म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ४. हायड्रोजन १०, म्हणून पाणी ५. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजा: ८ आणि ५, एकूण १३. विषम. डावीकडे ऑक्सिजन जोडीनेच येतो. सहा रेणू घेतले तर एक कमी, सात घेतले तर एक जास्त.

इथेच मुलं घाबरतात. विषम आलं म्हणजे आपलं चुकलं असं धरून पाण्याचा ५ खोडून ६ करतात. मग हायड्रोजन बिघडतो, तो सांभाळायला ब्युटेन वाढवतात, मग कार्बन बिघडतो, आणि तीच गोल चक्कर सुरू होते. वहीतली खाडाखोड बघितली की नेमकी कोणत्या ठिकाणी भीती वाटली ते मला कळतं.

घाबरायचं कारण नाही. सरळ साडेसहा लिहा. साडेसहा रेणू घेतले की अणू १३ होतात, हिशेब पूर्ण झाला. अर्धा रेणू प्रत्यक्षात नसतो, म्हणून शेवटी सगळ्याच आकड्यांना दोनाने गुणा.

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

उरलेल्या एका ऑक्सिजनवर बहुतेक वेळा उपाय एवढाच असतो: अपूर्णांक येऊ द्या, मग दुप्पट करा. हाच उपाय लोखंडाच्या माक्षिकावर करून बघा, ज्याच्या एका एककात लोखंड १ आणि गंधक २. ते हवेत भाजलं की फेरिक ऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड मिळतो. उत्तर डावीकडे ४ आणि ११, उजवीकडे २ आणि ८ असं यायला हवं. ११ दिसलं म्हणून खोडू नका.

ब्युटेनच्या समीकरणाशी थोडं थांबू, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. ५८ ग्रॅम ब्युटेन जळायला २०८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यातून १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ९० ग्रॅम पाणी होतं. दोन्हीकडे २६६. हेच प्रमाण घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला लावा. तो रिकामा होईपर्यंत त्याने खोलीतल्या हवेतून जवळजवळ ५१ किलो ऑक्सिजन घेतलेला असतो, आणि सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाण्याची वाफ बाहेर सोडलेली असते. "गॅस संपला" म्हणतो आपण. संपलं काहीच नाही, एकूण ६५ किलो वस्तुमान खिडकीतून निघून गेलं. नववीत पाठ केलेला द्रव्य अक्षय्यतेचा नियम मुलांना या आकड्यांनंतर जितका पटतो तितका व्याख्येने कधीच पटत नाही.

आणि हवा कमी पडली तर? तेव्हा याच ब्युटेनचं असंही होतं:

२ ब्युटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी

मोजून बघा, हेही चोख जुळतं. दोन्हींपैकी कोणतं घडेल हे कागदावरचे आकडे ठरवत नाहीत, खोलीत येणारी हवा ठरवते. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून माणसं दगावतात ती या दुसऱ्या समीकरणामुळे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. वर्गात हे समीकरण आलं की मी धडा बाजूला ठेवून आधी मुलांना घरचा गीझर कुठे बसवलाय ते विचारते. तुम्हीही आज बघा.

कंसातला गट

हे पटकन आटपू. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि फॉस्फोरिक आम्ल यांच्यापासून कॅल्शिअम फॉस्फेट आणि पाणी. ऑक्सिजन वेगळा मोजायला गेलात तर तो चारही पदार्थांत आहे, डोकं भणभणतं. फॉस्फेटचा गट डावीकडून उजवीकडे अखंड जातो, म्हणून तो एकच नग समजा. कॅल्शिअम ३, फॉस्फेट २, आणि पाणी आपोआप ६.

३ कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + २ फॉस्फोरिक आम्ल → १ कॅल्शिअम फॉस्फेट + ६ पाणी

फक्त गट पलीकडे अखंड पोचलाय ना, हे पाहायला विसरू नका. पोचला नसेल तर पुढचं वाचा.

एकच मूलद्रव्य उजवीकडे दोन ठिकाणी

तांबं आणि विरल (पाणी घालून पातळ केलेलं) नायट्रिक आम्ल. उजवीकडे कॉपर नायट्रेट, नायट्रिक ऑक्साइड आणि पाणी. इथे अंदाजाने आकडे टाकणाऱ्यांची दमछाक होते, कारण आम्लातला नायट्रोजन दोन वाटांनी जातो. काही नायट्रेट म्हणूनच राहतो, काही नायट्रिक ऑक्साइड होऊन हवेत जातो. दोन्हींना एकाच आकड्याने आवरायला गेलं की आवरत नाही.

वाण्याच्या वहीत जमा आणि नावे अशी दोन खाती असतात, तसं करा. तांब्याचा प्रत्येक अणू २ इलेक्ट्रॉन देतो. नायट्रिक ऑक्साइड होणारा प्रत्येक नायट्रोजन ३ इलेक्ट्रॉन घेतो, कारण त्याच्यावरचा मानलेला प्रभार अधिक ५ वरून अधिक २ वर उतरतो. दिलेले आणि घेतलेले सारखे हवेत, म्हणजे ६ आणि ६. तांबं ३, नायट्रिक ऑक्साइड २. आता तीन कॉपर नायट्रेटसाठी ६ नायट्रेट वेगळे लागतात, त्यांना इलेक्ट्रॉनच्या देवघेवीत भाग नाही. आम्ल एकूण २ आणि ६, म्हणजे ८. हायड्रोजन ८, म्हणून पाणी ४.

३ तांबं + ८ नायट्रिक आम्ल → ३ कॉपर नायट्रेट + २ नायट्रिक ऑक्साइड + ४ पाणी

पडताळा ऑक्सिजनवर घ्या, त्याला आपण अजून हात लावलेला नाही: डावीकडे २४, उजवीकडे १८, २ आणि ४. बसलं. ज्या मूलद्रव्याला संतुलन करताना हात लावला नाही त्यावर पडताळा घ्यायचा, ही सवय फार उपयोगाची आहे.

आम्ल संहत असेल तर नायट्रिक ऑक्साइडऐवजी तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड येतो आणि आकडे १, ४, १, २, २ असे होतात. प्रश्नात विरल की संहत हा शब्द दिलेला असतो तो उगीच नाही. तो शब्द न वाचता पाठ केलेलं समीकरण उतरवणारी मुलं दर वर्षी मार्क घालवतात.

जुळलेलं, तरीही चुकलेलं

मी अकरावीलाही शिकवते. काही वर्षांपूर्वी फळ्यावर आम्लयुक्त पोटॅशिअम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं समीकरण घाईत सोडवलं. अणू मोजले, जुळले, पुढे गेले. तास संपल्यावर एक मुलगी वही घेऊन आली. तिचे आकडे वेगळे होते आणि तिचेही जुळत होते. ती विचारत होती, बाई, दोन्ही कशी बरोबर असतील?

फळ्यावरचं माझं:

२ परमँगनेट + ३ सल्फ्युरिक आम्ल + १ पेरॉक्साइड → १ पोटॅशिअम सल्फेट + २ मँगनीज सल्फेट + ४ पाणी + ३ ऑक्सिजन

तिचं:

२ परमँगनेट + ३ सल्फ्युरिक आम्ल + ५ पेरॉक्साइड → १ पोटॅशिअम सल्फेट + २ मँगनीज सल्फेट + ८ पाणी + ५ ऑक्सिजन

माझ्या ओळीत ऑक्सिजन दोन्हीकडे २२, तिच्या ओळीत दोन्हीकडे ३०. अणूंच्या हिशेबात दोन्ही निर्दोष. पण बरोबर तिचं होतं. परमँगनेटमधला मँगनीज अधिक ७ वरून अधिक २ वर येतो, म्हणजे प्रत्येकी ५ इलेक्ट्रॉन घेतो, दोघांचे १०. पेरॉक्साइडचा एक रेणू २ देतो. दहाचा हिशेब पुरा व्हायला पेरॉक्साइड ५ च हवेत.

इलेक्ट्रॉन न मोजताही चूक दिसते, आणि ते मला तिनेच दाखवलं. या अभिक्रियेत बाहेर येणारा सगळा ऑक्सिजन वायू पेरॉक्साइडमधून येतो. एका पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू दोनच. त्यातून वायूचे तीन रेणू, म्हणजे सहा अणू, येतील कुठून? तिच्या ओळीत पाच पेरॉक्साइड, पाच ऑक्सिजन. नीट बसतं.

असं का होतं? पेरॉक्साइड स्वतःचं स्वतःही मोडतं: दोन पेरॉक्साइडचे दोन पाणी आणि एक ऑक्सिजन. हे वेगळं जुळलेलं समीकरण मूळ समीकरणात कितीही वेळा मिसळा किंवा त्यातून वजा करा, अणू जुळलेलेच राहतात. त्यामुळे अशा ठिकाणी अणूंच्या हिशेबाला एकच उत्तर नसतं. कुठल्याही समीकरणाला तुम्हाला आणि मैत्रिणीला वेगवेगळे आकडे मिळाले, एकाचे दुसऱ्याच्या पटीत नाहीत, आणि दोन्ही जुळतायत, तर भांडू नका. इलेक्ट्रॉन मोजा. (पटीत असतील तर प्रश्नच नाही, सगळ्यांना भाग जाईल त्या आकड्याने भागा आणि सर्वात लहान पूर्णांक ठेवा.)

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ती ओळ पुन्हा लिहिली आणि चूक माझी होती हे सांगितलं. तेव्हापासून हे समीकरण मी चुकीच्या उत्तरासह शिकवते, आधी चूक शोधायला लावते.

आयनांच्या, म्हणजे प्रभार असलेल्या कणांच्या, समीकरणात असाच धोका प्रभाराचा. तांब्याच्या तारेवर चांदी चढते तेव्हा एक तांबं आणि एक सिल्व्हर आयन लिहिले तर अणू जुळतात, पण डावीकडे प्रभार अधिक १ आणि उजवीकडे अधिक २ राहतो. सिल्व्हर आयन दोन घेतले की दोन्ही हिशेब फिटतात.

"समीकरण जुळलं, पण तराजू जुळत नाही"

ही तक्रार विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत येते, आणि ती खूप जुनी आहे. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धातू बंद काचपात्रात तापवला, मग पात्र उघडून वजन केलं, आणि वजन वाढलेलं दिसलं. त्यांनी निष्कर्ष काढला की आगीचे कण काचेतून आत शिरले. खरं कारण असं की पात्र उघडताच बाहेरची हवा आत घुसली होती. १७५६ मध्ये रशियात लोमोनोसोव्ह यांनी पात्र न उघडता वजन केलं, १७७४ मध्ये फ्रान्समध्ये लव्हाझिए यांनी कथलावर तेच केलं, आणि वजन तसूभरही बदललं नाही. झाकण कधी उघडलं एवढ्यावर सगळं अवलंबून होतं. तुमच्या प्रयोगातही बहुतेक तेच आहे.

मॅग्नेशिअमची फीत जाळल्यावर राख हलकी भरते, अशी पहिली तक्रार. समीकरणाप्रमाणे ०.२४ ग्रॅम मॅग्नेशिअमचं ०.४० ग्रॅम ऑक्साइड व्हायला हवं. पण पांढरा धूर जातो तो ऑक्साइडच असतो, आणि थोडं मॅग्नेशिअम हवेतल्या नायट्रोजनशीही जोडलं जातं. झाकणाच्या मुशीत, झाकण मधूनमधून किंचित उचलून जाळा. वजन वाढलेलं दिसेल, जरी पुरतं ०.४० पर्यंत गेलं नाही तरी.

दुसरी तक्रार खाण्याच्या सोड्याची, आणि इथे एक फसवा सल्ला सर्रास दिला जातो. सोडा आणि व्हिनेगर उघड्या भांड्यात मिसळले की वायू उडून वजन घटतं, हे सगळ्यांना कळतं. मग सांगतात, बाटलीच्या तोंडाला फुगा लावा, वायू अडकेल, वजन सारखं येईल. मुलं फुगा लावतात, फुगा टरारून फुगतो, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल तराजू तरीही घट दाखवतो. मुलांना वाटतं फुग्याला भोक आहे. फुगा बदलतात, दोरा घट्ट बांधतात, पुन्हा घट.

भोक नसतं. फुगलेला फुगा आपल्या आकारमानाइतकी हवा बाजूला सारतो, आणि ती हवा त्याला वर उचलते, विहिरीत घागर हलकी लागते तशी. एक लिटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम. दोन ग्रॅम सोड्यातून साधारण १.०५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचं आकारमान खोलीच्या तापमानाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. म्हणजे तराजू सुमारे ०.७ ग्रॅम कमी दाखवणार. वस्तुमान सगळं तिथेच आहे, तराजूवरचा दाब तेवढा कमी झाला. फुग्याऐवजी न फुगणारं भांडं घेणं हाच यावरचा उपाय.

एक लिटरची रिकामी, कोरडी कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली घ्या. ती दाबासाठीच बनवलेली असते. काचेची बाटली अजिबात नको. तिच्यात ५० मिली व्हिनेगर ओता. २ ग्रॅम सोडा, त्याहून जास्त नाही, एका लहान परीक्षानळीत भरा, बाटली तिरकी धरून नळी अलगद आत सरकवा आणि मग बाटली उभी करा, सोडा सांडू न देता. झाकण घट्ट लावा. बाहेरून पुसून कोरडी करा आणि वजन करा. मग बाटली आडवी करून सोडा आणि व्हिनेगर मिसळू द्या. बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. बाटली दाबून बघा, दगडासारखी ताठ झालेली असेल. पुन्हा वजन करा. आकडा तोच येईल.

कुणी चौकस मूल विचारतंच, पण आइनस्टाइन म्हणतात ना की ऊर्जा निघाली की वस्तुमान घटतं? बरोबर आहे. वरचा अख्खा १४.२ किलोचा सिलिंडर जळला तर निघालेल्या उष्णतेपायी घटणारं वस्तुमान सुमारे ८ मायक्रोग्रॅम भरतं, एका ग्रॅमच्या लाखाव्या भागाहूनही कमी. शाळेतल्या तराजूला ते कधीच दिसणार नाही, आणि तुमचं समीकरण त्यामुळे चुकलेलं नाही.

बाटली तराजूवर असतानाच आता झाकण सावकाश सैल करा. फुस्स आवाज येईल आणि आकडा तुमच्या डोळ्यांसमोर अर्ध्या ग्रॅमहून जास्त खाली उतरेल. मुलांना आधी विचारा, किती उतरेल. मग झाकण फिरवा.